पंपरूममधली डोंगरी सायकल

पंपरूम साफ करायची नोटीस लागली तेव्हा काका ती वाचायला नव्हे, तपासायला गेले.

काका सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करण्याचा पगार घेतल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसाच त्यांचा झाला होता. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'वेलांटी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तोंडावर नुसतं काका. त्या दिवशीच्या नोटिशीत 'निरूपयोगी' असं छापलं होतं आणि 'विल्हेवाट'ची 'विल्लेवाट' झाली होती. एवढ्या दोन चुका घेऊन माणूस स्वस्थ कसा झोपू शकतो, हे सेक्रेटरींना समक्ष विचारावं म्हणून काका पंपरूममध्ये उतरले.

सेक्रेटरी विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. ते तिथे नाकाला रुमाल बांधून उभे होते. काका तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांचं लक्ष मेलेल्या मोटरच्या मागे गेलं. तिथे एक सायकलचा सांगाडा भिंतीला टेकून उभा होता. चाकं नाहीत, पेडल नाहीत, चेन नाही. पण धूळ बोटाने पुसली तर खाली जांभळा रंग निघाला, पुढच्या टोकाकडे फिकट होत जाणारा. जाडजूड पोलादी नळ्या, मागे गिअरची कडी. काका नोटीस विसरले.

असा रंग त्यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी एका दुकानाच्या काचेमागे पाहिला होता. डोंगरी सायकल तेव्हा नवीनच आली होती. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "इथे डोंगर कुठाय?" आणि तो विषय तिथेच संपला.

"हे नेऊ का?" काकांनी विचारलं.

"न्या हो काका," सेक्रेटरी रुमालातून म्हणाले, "तेवढीच जागा मोकळी होईल."

हे वाक्य तोंडी होतं. लेखी घ्यायला हवं होतं. आयुष्यभर कागदावर जगलेल्या माणसाला ते सुचू नये, याचं काकांना पुढे बरेच दिवस वाईट वाटलं.

दुसऱ्या मजल्यावर घरी आल्यावर काकूंनी दार उघडलं. काकू एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतात. माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्या त्याच्या नखांकडे बघतात. त्या दिवशी त्यांनी काकांच्या नखांकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय आणलंत?"

"सायकल."

"कुठाय?"

"ही काय. अगं, चाकं नसली म्हणून काय झालं, सायकल ती सायकलच."

"मग उद्या मी रिकाम्या बाटलीवर रिपोर्ट लिहिते. रक्त नसलं म्हणून काय झालं."

 काकांनी जाहीर केलं की ही सायकल ते स्वतः, एकट्याने, घरी उभी करणार. नवीन काही विकत घ्यायचं नाही, जुनंपानं जमवायचं, आणि अगदी नाइलाज झाला तर स्वस्तातलं आणायचं. सोफ्याचं कापड बदलायला ठेवलेले पैसे त्याला पुरून उरतील. काकूंनी सोफ्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि ड्यूटीला निघून गेल्या. त्यांचा होकार साधारणपणे असाच असतो, असं काकांनी स्वतःला सांगितलं.

पहिलं लढाईचं ठिकाण म्हणजे सीटचा दांडा. तो फ्रेमच्या उभ्या नळीत असा काही बसला होता की पोलाद आणि ॲल्युमिनियम यांनी एकमेकांशी संसार मांडला होता. काकांनी तेल सोडलं, तीन दिवस वाट बघितली, हातोडी मारली. दांडा ढिम्म. चौथ्या दिवशी चौथ्या मजल्यावरचे इंजिनियर आले. ते लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत होते. बिल्डिंगची लिफ्ट महिन्यातून आठ दिवस बंद असे, आणि त्या आठ दिवसांत ते तिच्याविषयी फार विद्वत्तापूर्ण बोलत. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'टॉर्क' या शब्दाने सुरू होई, म्हणून त्यांचं नावच टॉर्क पडलं होतं.

"टॉर्क कमी पडतोय काका," ते म्हणाले. "दांडा पक्का धरायचा आणि अख्खी फ्रेम फिरवायची. फ्रेमच पाना."

"दांडा धरायचा कशात? माझ्याकडे शेगडा नाही."

टॉर्क यांनी घरभर नजर फिरवली. ती गॅलरीच्या ग्रिलवर थांबली.

ग्रिलच्या दोन गजांमध्ये दांडा अडकवला, त्यातून बोल्ट आरपार घातला, आणि दोघांनी मिळून फ्रेम जोर लावून फिरवली. करकर आवाज झाला. टॉर्क म्हणाले, "फिरला." आणि खरोखरच फिरलं होतं, पण ते ग्रिल. भिंतीतले तीन स्क्रू उपटून सबंध ग्रिल बाहेर झुकलं, चौथ्या स्क्रूवर क्षणभर लोंबकळलं, आणि फ्रेमसकट खाली तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या ताडपत्रीवर जाऊन पडलं. शिंपीणबाई आत मशीनवर होत्या. त्या बाहेर आल्या, वर बघितलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "काका, ही तुमचीच का?"

अपमान अपमान म्हणतात तो हाच. काका खाली गेले. ताडपत्रीला भोक पडलं होतं. ग्रिल वाकडं झालं होतं. सीटचा दांडा मात्र पडण्याच्या दणक्याने निम्मा बाहेर आला होता. टॉर्क यांनी तो उरलेला हाताने उपसून काढला आणि म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

तीन दिवसांत सेक्रेटरींचं पत्र आलं. विषय: इमारतीच्या दर्शनी भागात विनापरवाना बदल केल्याबाबत. सात दिवसांच्या आत खुलासा करावा. काकांनी पत्र वाचलं. दर्शनी भागात त्यांनी काहीही बदल केला नव्हता, दर्शनी भाग आपण होऊन पडला होता. तशी गोष्ट असताना 'केल्याबाबत' हा शब्दच चूक होता. शिवाय बाकीच्या दहा चुका होत्या त्या वेगळ्या. काकांनी अकराही चुकांना लाल शाईने गोल केले, समासात नेहमीच्या खुणा केल्या, खाली 'फेरमुद्रितासाठी परत' असं लिहिलं आणि पत्र सेक्रेटरींच्या दाराखालून सरकवलं.

यात त्यांचं काय चुकलं, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.

आता सायकलवाला. चौकात जिन्याखालच्या खोबणीत त्याचं दुकान. सत्तरीचा माणूस, बोलायला फार महाग. काकांनी फ्रेम पुढे ठेवली. त्याने ती उचलली नाही, पान्याने एकदा टिचकी मारली आणि आवाज ऐकला.

"लोखंड चांगलं आहे," तो म्हणाला. "पुढचं चाक धरणारा चिमटा वाकलाय, तो बदलायचा. दोन दिवसांनी या."

"नाही, नाही. जुळवणी मी स्वतः करणार आहे."

"मग कशाला आलात?"

या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं. काका म्हणाले, "मार्गदर्शनासाठी."

सायकलवाल्याने त्यांच्या हातांकडे बघितलं. लोकांनी आपल्या हातांकडेच का बघावं, याचा काकांना हल्ली राग येऊ लागला होता.

"चाकं मिळणार नाहीत," तो शेवटी म्हणाला. "सव्वीसचं माप आता कुणी ठेवत नाही. आता साडेसत्तावीस आणि एकोणतीस. माणसं तेवढीच राहिली, चाकं मोठी झाली."

चिमटा त्याने एका मोडीत निघालेल्या सायकलीचा काढून दिला. चाकांसाठी मात्र काका महिनाभर हिंडले. मागचं चाक छापखान्यातल्या शिपायाच्या भावाच्या माळ्यावर सापडलं. त्याला गिअरच्या सहा चकत्या शाबूत होत्या. पुढचं एका शाळेच्या भंगारात होतं, पण शाळेची वस्तू म्हणून ते सहजासहजी मिळेना. मुख्याध्यापिकाबाईंनी अर्ज मागितला. अर्ज दिला तर चाकाचं 'शैक्षणिक प्रयोजन' विचारलं. काकांनी विचार करून लिहिलं, 'वर्तुळाचा परीघ.' अर्ज लगेच मंजूर झाला. एक चाक चंदेरी, एक काळं. काकूंनी दोन्ही चाकं बैठकीत भिंतीला उभी बघितली आणि एवढंच विचारलं, "दोघांची ओळख करून दिलीत का एकमेकांशी?"

मग बेअरिंगचे छर्रे आले. हँडलखालच्या वाट्यांत ग्रीस भरून एकेक छर्रा गोलाकार बसवायचा, हे काम प्रूफ वाचण्यासारखंच आहे असं काकांना वाटलं. डोळा हवा, धीर हवा. त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, वाटी भरली, चिमटा खालून आत घातला, आणि चष्मा सरळ करायला एक हात सोडला. छर्रे जेवणाच्या टेबलावरून निघाले ते घरभर गेले. पुढचा आठवडाभर ते एकेक करून हजर होत राहिले. एक वॉशिंग मशीनमध्ये, दोन सोफ्याच्या फटीत, एक काकूंच्या चपलेत. चपलेतला त्यांना ड्यूटीवर पोचल्यावर सापडला. त्यांनी तो नमुन्याच्या छोट्या बाटलीत घालून, वर काकांचं वय आणि 'तातडीचे' असं लेबल लावून घरी आणला.

हेही काकांनी सोसलं. पण पेडलांनी त्यांचा अंत बघितला.

जुनी पेडलं कुठेच मिळेनात, म्हणून नाइलाजाने त्यांनी एक जोडी फोनवरून मागवली. डबा आला, काकांनी एक पेडल डाव्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडलाच्या दांड्यात, फिरवलं, छान बसलं. दुसरं उजवीकडे लावायला गेले तर ते धरेचना. टॉर्क शेजारी उभे होतेच. "टॉर्क द्या," ते म्हणाले. काकांनी दिला. आतल्या आट्या सोलून निघाल्या आणि क्रँक कायमचा वाया गेला. मग दोघांनी पेडलं शेजारी ठेवून नीट बघितली. दोन्ही पेडलांवर एकच अक्षर कोरलेलं होतं. दोन्ही डावी होती.

काकांनी कंपनीला फोन लावला. पलीकडे एक अतिशय गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, तुमच्या ऑर्डरमध्ये पेडल नग दोन आहेत. तुम्हाला पेडल नग दोन मिळाले का?"

"मिळाले. पण दोन्ही डावी आहेत."

"म्हणजे दोन मिळाले ना सर?"

"बाई, मी जोडी मागवली होती. जोडी म्हणजे एक उजवं आणि एक डावं. दोन डाव्या बुटांना कुणी जोडी म्हणतं का?"

"बुटांसाठी वेगळा विभाग आहे सर. जोडून देऊ?"

काकांनी फोन ठेवला. त्यांनी छापखान्याच्या कोऱ्या कागदावर कंपनीला सव्वातीन पानी पत्र लिहिलं. त्यात 'जोडी' या शब्दाचे अर्थ, व्युत्पत्ती आणि चार वापर दिले. उत्तर आलं: 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार. आपण आम्हाला पाच तारे द्याल का?' 

शेवटी ते सायकलवाल्याकडेच गेले. दोन्ही डावी पेडलं फळीवर ठेवली आणि सोललेला क्रँक त्यांच्या बाजूला ठेवला. सायकलवाला बघत राहिला आणि मग हसला. काकांनी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं, आणि ते हसू आपल्यामुळे आहे हे कळल्यामुळे त्यांना त्यात सहभागी होता आलं नाही. त्याने पत्र्याच्या डब्यात हात घातला आणि तळातून एक उजवं पेडल काढलं.

"वीस वर्षं पडून आहे. याचं डावं हरवलं." क्रँक त्याने दुसरा शोधून दिला आणि म्हणाला, "डाव्या पेडलाच्या आट्या उलट्या असतात. एवढं मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. मार्गदर्शन म्हणून."

ब्रेकच्या तारा आल्या, चेन आली, मागचा गिअर जुळला. काकांनी तो पुस्तकात बघून जुळवला, मग पुस्तक बाजूला ठेवून जुळवला, मग चेनचा आवाज ऐकून जुळवला. दर रविवारी ते गॅलरीत, नव्या ग्रिलपाशी, सायकल उलटी करून तिचं चाक हाताने फिरवत बसत. चाक सरळ पळू लागलं की त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी होई. हे काकूंनी बघितलं होतं.

आणि एका रविवारी सकाळी सायकल खाली उतरली. जांभळी फ्रेम, एक चाक चंदेरी, एक काळं, पेडलं दोन जातींची. काकांनी आवारात एक फेरी मारली. पाण्याच्या टाकीपासून गेटपर्यंत, गेटपासून गॅरेजपर्यंत, आणि परत. गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. टॉर्क यांनी वरून टाळ्या वाजवल्या. काकांनी कुणाकडेही बघितलं नाही. असल्या वेळी बघायचं नसतं. उतरल्यावर मात्र त्यांनी सीटवरची नसलेली धूळ रुमालाने दोनदा पुसली.

सायकल त्यांनी जिन्याखाली कुलूप घालून लावली. दुसऱ्या दिवशी तिच्या हँडलला चिठ्ठी अडकवलेली होती. 'विना स्टिकर वाहन.'

आवारात लावलेल्या प्रत्येक वाहनाला सोसायटीचा स्टिकर हवा, असा ठराव झालेला होता. काका स्टिकर मागायला गेले. सेक्रेटरी टेबलाशी बसले होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली काकांनी लाल केलेलं ते पत्र अगदी नीट, चारी कोपरे सरळ करून ठेवलेलं काकांना दिसलं.

"नंबर?" सेक्रेटरींनी विचारलं.

"सायकलला नंबर नसतो."

"मग खरेदीची पावती."

"खरेदी नाही. तुम्हीच पंपरूममधून दिलीत."

"मी?" सेक्रेटरींनी चष्मा काढला. "काका, मी सोसायटीची वस्तू कुणाला कशी देऊ शकतो? मला अधिकार काय?" त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. वर लिहिलं होतं, डेडस्टॉक रजिस्टर. त्यांनी बोट फिरवत फिरवत पान काढलं. "हे बघा. नोंद अडतीस. सायकल, जुनी, नग एक, चाकाविना. घर सोडून जाणाऱ्या सभासदाने टाकून दिलेली, सोसायटीकडे जमा."

"चाकाविना," काका म्हणाले. "आता चाकं आहेत. म्हणजे ही ती नव्हेच."

"काका," सेक्रेटरी फार मऊ आवाजात म्हणाले, "चाकं नसली म्हणून काय झालं? सायकल ती सायकलच."

घरातलं बोलणं बाहेर कसं जातं, याची चौकशी काकांनी नंतर पुष्कळ केली. त्या क्षणी मात्र ते स्टिकरशिवायच परत फिरले.

दोन महिन्यांनी प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे गेलं. गच्चीवर सतरंज्या टाकून सभा भरली. काका फाइल घेऊन आले होते. फाइलमध्ये सायकलवाल्याने चिमट्यासाठी लिहून दिलेली चिठ्ठी होती, शाळेचा मंजूर अर्ज होता, कंपनीचं ताऱ्यांचं पत्र होतं. ते बावीस मिनिटं बोलले. फ्रेम म्हणजे सायकल नव्हे, कोरा कागद म्हणजे पुस्तक नव्हे, हे त्यांनी सिद्ध केलं. टॉर्क यांनी उभं राहून सुचवलं की फ्रेमचं वजन आणि बाकीच्या भागांचं वजन वेगवेगळं करून मालकी त्या प्रमाणात वाटावी. कुणीतरी विचारलं, म्हणजे सोसायटीने बसायचं कुठे? त्यावर चर्चा थोडी भरकटली.

तेवढ्यात शिंपीणबाई म्हणाल्या, "मालकी कुणाची का असेना, सायकल फार चांगली आहे. चढावर मुळीच दमवत नाही."

सगळी सभा त्यांच्याकडे वळली.

"तुम्हाला कसं माहीत?" काकांनी विचारलं.

"मी चालवते ना. शिवलेले कपडे पोचवायला. मंगळवारी आणि शुक्रवारी, तुम्ही छापखान्यात असता तेव्हा."

"आणि कुलपाची किल्ली?"

"काकू देतात."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकू गच्चीवरच्या टाकीकडे बघत होत्या, जणू तिचा रिपोर्ट यायचा होता. मग टॉर्क यांनी खाकरून कबूल केलं की तेही दोनदा चालवून आले, निव्वळ टॉर्क बघायला. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी हात वर केला. मागे कुणीतरी आणखी एक हात वर केला. काका उभे होते ते खाली बसले. दोन महिने ज्या चेनला आपण स्वतःच्या रुमालाने पुसत होतो, ती दर रविवारी मळलेली का सापडते, याचं उत्तर त्यांना आत्ता मिळत होतं.

ठराव एका मताच्या विरोधासह मंजूर झाला. सायकल सोसायटीच्या शिडीप्रमाणे सर्व सभासदांसाठी राहील. नेताना वहीत सही करावी. आणि काकांची 'देखभाल अधिकारी, मानद' म्हणून एकमताने नेमणूक करण्यात येत आहे.

"एकमताने कशी?" काका म्हणाले. "मी विरोध केलाय."

"तो सायकलला," सेक्रेटरी म्हणाले. "नेमणुकीच्या वेळी तुम्ही काही बोलला नाहीत."

त्या रात्रीचं जेवण काकांना गेलं नाही. काकू ताट उचलताना म्हणाल्या, "अहो, लोक वापरतात म्हणजे नीट केली आहे तुम्ही."

"वापरतात नव्हे, लाटतात," काका म्हणाले. "आणि तू किल्ली दिलीस."

"दिली," काकू म्हणाल्या. "जिन्याखाली ती नुसती उभी असते हो. तुम्ही रविवारी पुसता आणि सोमवारी कामाला जाता."

काकांनी निश्चय केला. सोसायटीची फ्रेम आहे ना, मग फ्रेमच मिळेल. नोंद अडतीस, नग एक, चाकाविना. रजिस्टरात जशी लिहिली आहे तशी. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता ते पाने, पक्कड आणि वर्तमानपत्र घेऊन खाली उतरले. सायकल जिन्याखालून काढून आवाराच्या मध्यभागी आणली. हे चोरून करण्यासारखं काम नव्हतं, सगळ्यांनी बघायलाच हवं होतं, आणि सगळ्यांनी बघितलंही. सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आले. शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या. गॅलऱ्या भरल्या.

"काका, मंगळवारपर्यंत ठेवता आली असती तर," शिंपीणबाई म्हणाल्या. "दोन कोट पोचवायचे होते."

"सोसायटीला सांगा," काका म्हणाले. "सोसायटी पोचवेल."

त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं. पाना पुढच्या चाकाच्या नटावर ठेवला. तो नट त्यांनीच आवळला होता, आधी सैल, मग घट्ट, मग सायकलवाल्याने सांगितल्याप्रमाणे पाव आटा आणखी. काका पाना धरून बसले. हात हलेना. मागून कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, निदान रागाच्या भरात तरी फिरवता आला असता. पण कुणीच काही बोलत नव्हतं.

तेवढ्यात गेटातून काकू आल्या. सकाळची ड्यूटी लवकर संपली होती, खांद्याला पिशवी होती. त्यांनी वर्तमानपत्र बघितलं, पाना बघितला, काकांचा चेहरा बघितला.

"काढताय?"

"काढतोय."

"थांबा मग." त्यांनी पिशवी शिंपीणबाईंच्या हातात दिली. "काढण्याआधी मला एक फेरी मारू द्या."

"तुला?" काका म्हणाले. "तुला येते?"

 काकूंनी हँडल हातात घेतलं, ब्रेक दोनदा दाबून बघितले, एक पाय पलीकडे टाकला आणि निघाल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. या बाईला सायकल येते का, हे आपण कधी विचारलंच नाही, असं काकांना वाटलं, आणि कशाचं कोण जाणे, त्यांना फार लागलं. काकू आवारात वळल्या नाहीत. त्या सरळ गेटाबाहेर गेल्या, चौकाकडे वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. काका हातात पाना घेऊन उभे होते. सेक्रेटरी घड्याळ बघत म्हणाले, "रजिस्टरात सही न करता नेली." काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते रजिस्टर घेऊन सावलीत गेले. पंधरा मिनिटांनी टॉर्क गेटापर्यंत जाऊन आले आणि काही दिसत नाही असं सांगितलं. काका मनातल्या मनात एकेक भाग तपासू लागले. मागचा ब्रेक जरा उशिरा लागतो. चिमटा दुसऱ्या सायकलचा आहे. उजवं पेडल वीस वर्षं डब्यात होतं. हे सगळं जोडलंय कुणी? छापखान्यात वेलांट्या बघणाऱ्या माणसाने. अर्ध्या तासाने त्यांनी पाना खिशात घातला आणि ते गेटाच्या बाहेर जाऊन रस्त्यात उभे राहिले. त्यांना आता कुणाचाच राग येत नव्हता, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटत होती.

पाऊण तासाने काकू परत आल्या. चेहरा लाल झाला होता, केस सुटले होते, चपलांना लाल माती लागली होती. चौकापलीकडच्या टेकडीवर जाऊन आल्या होत्या. त्या उतरल्या, सायकल काकांच्या हातात दिली आणि थोडा वेळ नुसता श्वास घेत उभ्या राहिल्या.

"गिअर तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना अडकतो," त्या म्हणाल्या. "चढावर कळतं. बघा जरा." मग शिंपीणबाईंकडून पिशवी घेऊन त्या जिना चढून गेल्या.

काकांनी सायकल वर्तमानपत्रावर उलटी केली. मागचं चाक उचलून फिरवलं आणि कान दिला. अडकत होता खरा. तारेपाशी एक छोटा पेच होता, तो त्यांनी अर्धा आटा फिरवला. पुन्हा चाक फिरवलं. मग पाव आटा उलट.

सेक्रेटरी रजिस्टर उघडून जवळ आले. "मग काका, काढताय ना? मला नोंद करायची आहे."

काकांनी मान वर केली नाही. "गिअर लावतोय," ते म्हणाले. "दिसत नाही का? आणि जरा बाजूला व्हा, तुमच्या सावलीत मला तार दिसत नाहीये."